पुनर्वसन इमारतीत ऊन-वारा मागायचा कसा? सभा रविवारी आहे, मदत हवी

नमस्कार. घाटकोपरला आमची दोनशे दहा घरांची वस्ती आहे. एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची) संमतिपत्रं भरून घेणं सुरू झालंय. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्क्यांवर भागतं, त्यामुळे सगळं घाईत चाललंय. घर ३०० चौरस फुटांचं मिळेल, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न इमारती कशा उभ्या राहणार याचा आहे.

बिल्डरने दाखवलेल्या नकाशात आमच्या तीन इमारती प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात, एकमेकींना खेटून आहेत. मधे जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी फट. बिल्डर बाजारात विकणार त्या घरांचा टॉवर पुढे, रस्त्याला. त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा, बाग आणि वेगळं गेट.

माझी मावशी मानखुर्दला अशाच एका पुनर्वसन वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तिला तांदूळ निवडता येत नाहीत. खिडकीसमोर दुसऱ्यांचं स्वयंपाकघर, आणि वरून कचरा पडतो म्हणून ती खिडकीही बंदच. दोन वर्षांपूर्वी तिच्या सुनेला टीबी झाला. घरामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींवरचा अभ्यास आला होता, त्यात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबीचे रुग्ण जास्त दिसले होते. तेव्हापासून नकाशातली ती फट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मागच्या सभेत मी हे बोलले, तर उत्तर आलं, "ताई, फुकट मिळतंय ना?" फुकट कसं? आमची घरं बांधून देतो म्हणूनच बिल्डरला विकायचा एफएसआय, म्हणजे विक्रीसाठी बांधकाम करायचा हक्क, मिळतो. आमच्या डोक्यांच्या मोजणीवर तो टॉवर उभा राहणार आहे.

जाणकारांना विचारायचंय: आशयपत्र (एसआरएचं योजनेला मंजुरी देणारं पत्र) निघण्याआधी सोसायटीला इमारतींची मांडणी बदलून मागता येते का? अर्ज कुणाकडे करायचा? इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या नियमात बिल्डर जी सवलत घेतो ती नेमकी कोणत्या इमारतीभोवती, हे कोणत्या कागदावर कळतं? आणि डिसेंबरात खालच्या मजल्यांवर किती तास ऊन येईल, हे नकाशावरून काढून देणारं कुणी आर्किटेक्ट इथे आहे का? फी आम्ही वर्गणी काढून देऊ.

आईने अजून सही केलेली नाही. तिच्याकडे बघून शेजारच्या चौघीही थांबल्यात. रविवारच्या आत त्यांना काहीतरी नेमकं सांगायला हवं.