मदत हवी आहे: एमजीबी गरम झाली की बंद पडते

लेस्टरकर
नमस्कार. माझ्याकडे एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, बिनछपराची स्पोर्ट्स कार) आहे. घरच्या गॅरेजमध्येच सगळं काम केलं. दोन्ही सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या) कापून नव्या बसवल्या, ब्रेकचे पाइप बदलले, दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ केले, रंग झाला. सकाळी पहिल्या स्टार्टरला सुरू होते. पण वीस-पंचवीस मिनिटं चालवली की बंद! अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू. ट्यून-अपचं सगळं नवं टाकलंय, बॅटरीही नवी. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला जायचंय. ते भारतातून आलेत, तेवढ्यासाठी महिनाभर थांबलेत. जाणकारांनी लवकर सांगा.

पाना_तेरा
कुठल्या सालची? ॲबिंग्डनला 1962 पासून 1980 पर्यंत एमजीबी बनत होती, मधे वायरिंग कितीदा तरी बदललं. अर्थिंग (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? बॅटरी नवी म्हणजे एक की दोन? आणि मुख्य म्हणजे बंद पडते कशी? धक्के खात, दम तोडत, की एकदम?

खंबाटकी
गाडीतला पेट्रोल पंप तापतोय, दुसरं काही नाही. आमच्या पद्मिनीला उन्हाळ्यात घाट चढताना हेच व्हायचं. पंपावर ओला फडका गुंडाळायचा, पाच मिनिटं थांबायचं, की निघाली. पाण्याची बाटली आणि फडका गाडीत कायम असायचा.

पाना_तेरा
काका, पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला असतो. एमजीबीचा एसयू पंप विजेवर चालतो आणि मागे, उजव्या चाकाच्या पुढे असतो. इंजिनाची धग तिथे पोचतच नाही. फडका गुंडाळायचा कशाला?

खंबाटकी
पंप मागे असेल, कार्बोरेटर तर पुढेच आहेत ना? आणि एक्झॉस्ट त्यांच्या खालीच. पेट्रोलची वाफ तिथेही होते. आम्ही गाड्या पुस्तकात बघून चालवल्या नाहीत.

लेस्टरकर
सालाने काय फरक पडतो? इंजिन तेच 1798 सीसीचं. बरं, 1966 ची आहे. बॅटरी एकच, 12 व्होल्टची. अर्थची वायर प्लसला जोडलीय, आधी होती तशीच. पेट्रोल पंपावर मिळतं तेच.

बोस्टनकर
पंपावर मिळतं तेच म्हणजे ई10, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल तेच आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने आतून फुगतात, भुगा सुटतो, तो कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत जाऊन बसतो. सुपर घ्या, ते ई5 मिळतं. सगळ्या नळ्याही बदला. आणि पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडजोड करणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. मी बसवलंय, तेव्हापासून डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) झाकण उघडायची वेळ आलेली नाही.

वर्षा_डर्बी
लेस्टरकर, यांचं ऐकून घाईत काही मागवू नका. तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. निगेटिव्ह अर्थचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तिला लावलं तर किल्ली फिरवताच जळेल. पॉझिटिव्हचं वेगळं मिळतं, पण आधी दोष कुठे आहे ते तरी कळू दे.

बोस्टनकर
मग गाडीच निगेटिव्ह करून घ्या. 1967 च्या शेवटापासून कंपनीनेच केली होती. तासाभराचं काम आहे.

वर्षा_डर्बी
आणि टॅकोमीटर, इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर? त्याचं आतलं वायरिंग उलटं केल्याशिवाय काटा हलणार नाही. तासाभराचं काम म्हणून सांगताना हेही सांगावं.

नानामोटार
सिल बदलल्या असं वाचलं, म्हणून राहवलं नाही. रोडस्टरला वर छप्पर नाही, सगळा ताठपणा सिलमध्ये. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाकून घट्ट करायचा, गाडी सपाट ठेवायची आणि एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. शिवाय नुसता बाहेरचा पत्रा बदलून भागत नाही. मधला उभा पत्रा आणि खालची कॅसल रेल तपासलीत का? बाहेरून रंग चकचकीत आणि आत चाळणी, अशा गाड्या मी बघितल्यात. गंजू नये म्हणून पोटात मेण फवारलं का?

लेस्टरकर
नानासाहेब, तिन्ही पत्रे बदललेत, मेणही मारलंय, दारं एका बोटाने लागतात. माझा प्रश्न इंजिनाचा आहे! कृपया त्यावर बोला.

पाना_तेरा
मग मी विचारलेलं सांगा. धक्के खात बंद पडली तर पेट्रोल. एकदम पडली तर करंट. चालत्या गाडीत इंजिन जातं त्या क्षणी, गिअर न काढता, टॅकोमीटर बघा. चाकांमुळे इंजिन फिरत असतानाही काटा धाडकन शून्यावर आला तर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) प्राथमिक करंटमध्ये दोष आहे. मागून गाड्या नसतील अशाच रस्त्यावर बघा. मग बाजूला थांबून किल्ली चालू करा आणि पंप ऐका. दोनचार वेळा टिकटिक करून गप्प झाला तर वाट्या भरलेल्या आहेत. टिकटिक थांबतच नसेल तर पेट्रोल येत नाहीये. टँकचं झाकणही उघडून बघा. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय.

खंबाटकी
अवांतर: आमच्या शेजारी स्टँडर्ड हेराल्ड होती. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटायचं. पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता यायचं. मद्रासला बनायची ती. कोणाकडे अजून आहे का?

नानामोटार
नाशिकला एक बघितली होती, चालू स्थितीत. मालक विकायला तयार नाहीत.

लेस्टरकर
आत्ताच फिरवून आलो. काटा धाडकन शून्य. पंप तीनदा वाजून गप्प. झाकण उघडलं, काही आवाज नाही.

पाना_तेरा
म्हणजे पेट्रोल आहे. फडका, ई10, नळ्या सगळं तूर्त बाजूला. आता "ट्यून-अपचं सगळं नवं" म्हणजे नेमकं काय ते लिहा.

लेस्टरकर
पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग), झाकण. ऑनलाइन एकच किट मिळालं, स्वस्त होतं. जुने भाग डब्यात ठेवलेत.

वर्षा_डर्बी
कंडेन्सर! पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट त्यांच्यात ठिणगी पाडून वाया जाऊ नये म्हणून तो असतो. हल्लीच्या स्वस्त कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन तापलं की दगा देतं. मग तो आतल्या आत अर्थ होतो, पॉइंट उघडूनही करंट तुटत नाही, ठिणगी पडत नाही आणि काटा शून्यावर येतो. थंड झाला की पुन्हा शहाणा. म्हणूनच तुमची गाडी अर्ध्या तासाने सुरू होते. डब्यातला जुना लावा. पॉइंटचं अंतर 0.015 इंच ठेवा. पॉइंटचा चेहराही बघा, निळा-काळा झाला असेल.

बोस्टनकर
म्हणूनच म्हणतो, इलेक्ट्रॉनिक. कंडेन्सरची भानगडच नाही.

वर्षा_डर्बी
मॉड्यूल रस्त्यात गेलं तर काय कराल? कंडेन्सर खिशात मावतो आणि एका स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतो.

लेस्टरकर
जुना लावला. ए6 ने मार्केट हारबरोला जाऊन परत आलो, वाटेत रस्त्याच्या कामामुळे बराच वेळ रांगेत उभी होती. एकदाही बंद पडली नाही! पॉइंटवर काळा डाग होता, घासून साफ केला. पानासाहेब, वर्षाताई, मनापासून आभार. वडील आत्ताच गाडीत बसून आलेत, खाली उतरायला तयार नव्हते. आता एकच विचारतो, किटमधला रोटर आर्मही काढू का?

वर्षा_डर्बी
काढाच. त्यात पितळी पट्टीला रिव्हेट असेल तर तिथून ठिणगी शाफ्टमध्ये उतरते. जुन्याला तडा नसेल तर तोच लावा आणि चांगला कंडेन्सर मिळेपर्यंत किटमधला फेकू नका, रविवारी डिकीत असू दे.

खंबाटकी
फडकाही असू दे.