सहकारी तालिकीकरण : नोंदी किती झाल्या ते कळलं, पुस्तक सापडतं का ते सांगा

संदर्भशोधक
ओहायोकर यांची कालची पोस्ट वाचली. अमेरिकेतल्या 'प्रोग्रॅम फॉर कोऑपरेटिव्ह कॅटलॉगिंग'चं, म्हणजे ग्रंथालयांनी मिळून तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी) करायच्या कार्यक्रमाचं, सप्टेंबरअखेरचं वर्ष संपलं, लेखकांच्या नावांच्या आणि पुस्तकांच्या नोंदींचे केवढे मोठे आकडे जमले, किती ग्रंथालयं एकदिलानं राबतात, हे सगळं त्यांनी उत्साहानं लिहिलंय. शेवटी, 'महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी यातून काही शिकावं.' त्या शेवटच्या वाक्यामुळे एवढं मोठं उत्तर लिहायला बसले.

मी 1950 पूर्वीच्या मराठी लेखिकांवर काम करते. या नोंदी मला रोज लागतात, म्हणून त्या कशा असतात ते सांगते. मराठी पुस्तकाचं नाव तिथे रोमन लिपीत चढतं, आणि ते आपण बोलतो तसं नाही. 'घर' शोधायचं तर शेवटी 'ए' लावायचा. 'तुकाराम'च्या शेवटी 'ए'. 'गडकरी'मध्ये 'ड'च्या पुढे 'ए'. 'चाफा' लिहायचा तर 'च'साठी नुसता 'सी', 'सीएच' टाकलात तर पुस्तक नाहीच. हे तंत्र मला एका मैत्रिणीनं शिकवलं. तोपर्यंत मी कितीतरी पुस्तकं 'उपलब्ध नाहीत' असं धरून चालले होते. ती होती, नोंदवलेली होती, तुमच्या वार्षिक आकड्यात मोजलेलीही होती.

2008 साली नावांच्या फाइलमध्ये, म्हणजे लेखकांच्या नावांच्या सामायिक नोंदसंग्रहात, मूळ लिपीतली रूपं घालायला सुरुवात झाली. अरबी, चिनी, हिब्रू, जपानी, कोरियन, ग्रीक, रशियन आल्या. देवनागरी नाही. मग सांगा, आम्ही नेमकं काय शिकायचं?

ओहायोकर
ताई, तुमचा राग समजतो, पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात.

2008 ची यादी कुणी आकसानं केली नव्हती. त्या वेळी नोंदींची देवाणघेवाण ज्या जुन्या अक्षरसंचातून चालायची, त्यात देवनागरी नव्हतीच. तमिळ, बंगाली, थाई यांचंही तेच. पुस्तकाच्या नोंदीत समांतर देवनागरी ओळ देता येते, ओसीएलसीच्या सामायिक तालिकेत ती चालते, आणि मी स्वतः देतो. माझ्या टेबलावर आलेलं एकही मराठी पुस्तक मी नुसत्या रोमनमध्ये पुढे ढकलत नाही.

दुसरं, आकड्याबद्दल. एका लेखकाचं नाव कसं लिहायचं, तो आणि त्याच नावाचा दुसरा वेगळे आहेत का, टोपणनाव कुणाचं, हे ठरवायला कधी कधी अख्खा दिवस जातो. ते एकानं ठरवलं की बाकी सगळ्यांचा तो दिवस वाचतो. नियतकालिकांचं असं सहकारी काम सत्तरीच्या दशकात सुरू झालं, नावांचं 1977 ला, आणि 1995 ला सगळं एका छत्राखाली आलं. तेव्हा बोलूनच दाखवलेलं ध्येय होतं : जास्त, चांगलं, लवकर, स्वस्त. म्हणून आकडा द्यावा लागतो. ज्या डायरेक्टरपुढे दरवर्षी कॅटलॉगरची जागा रद्द करण्याचा कागद असतो, त्याला मी आणखी काय दाखवू?

आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1962 ला दिल्लीत कार्यालय उघडून मराठी पुस्तकं घेतली नसती, तर तुमच्या विषयातली काही पुस्तकं आज बघायलाही मिळाली नसती.

संदर्भशोधक
'जास्त, चांगलं, लवकर, स्वस्त.' यातलं 'जास्त' मोजता. 'चांगलं' कोण मोजतं?

निवृत्त ग्रंथपाल, पुणे
दोघांचेही वाचले. मी आयुष्यभर तालिकीकरण केले व शिकवले, त्या अधिकाराने लिहितो.

रोमन लिपीचा दोष केवळ अमेरिकेच्या माथी मारू नये. आपली भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची कोलकात्याच्या सेंट्रल रेफरन्स लायब्ररीने 1957 पासूनच्या पुस्तकांसाठी सुरू केली, तीही रोमन लिपीतच. चौदा भाषा एका क्रमाने लावायच्या तर दुसरा मार्ग काय होता? 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथे प्रत पाठवायची आहे. किती मराठी प्रकाशक पाठवतात, हे आधी विचारा. पुस्तकच पोचले नाही तर नोंद कोणत्याही लिपीत होणार नाही.

आणि 'शिकावे' या शब्दाचा एवढा राग का? शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 आणि पुढे 1938 ते 1950 अशी मराठी ग्रंथसूची जवळजवळ एकहाती केली. त्यांच्यानंतर हे काम सहकाराने पुढे न्यायला आपण किती ग्रंथालये एकत्र आलो? आज प्रत्येक ग्रंथालय तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून नोंदवते. एकाकडे 'शिरवाडकर, वि. वा.', दुसऱ्याकडे 'शिरवाडकर, विष्णू वामन', तिसऱ्याकडे 'कुसुमाग्रज', चौथ्याकडे तिन्ही, आणि एकमेकांस जोडलेले एकही नाही. आडनाव आधी, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1934 च्या तालिकीकरण संहितेपासून मराठी नावांना लागू आहे. ते तरी नीट करा.

गावचा ग्रंथपाल
सर, नमस्कार. आम्ही का एकत्र आलो नाही ते मी सांगतो.

आमचं 'ब' वर्ग वाचनालय. राज्यात अशी अनुदानित वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत, 1967 च्या कायद्यावर चालणारी. तपासणीला साहेब येतात तेव्हा काय बघतात? ग्रंथसंख्या किती, वर्षभरात खरेदी किती, दैनिकं किती, वर्गणीदार किती, दाखल नोंदवही पूर्ण आहे का. तालिका आहे का, वाचकाला पुस्तक सापडतं का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ग्रंथसंख्या कमी पडली की वर्ग जातो, वर्ग गेला की अनुदान जातं. म्हणून रद्दी झालेली पुस्तकंही निर्लेखित करायला, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायला, समिती घाबरते. अमेरिकेचा अहवाल असो की आमचा, आकडा मागितला की माणूस आकडाच तयार करतो. यात मी ताईंच्या बाजूचा आहे.

संगणकाचं प्रशिक्षण झालं होतं. सगळं इंग्रजीत शिकवलं, मराठी पुस्तकांची नावं रोमनमध्ये भरायला सांगितली, आणि प्रत्येकानं आपापल्या मनानं भरली. माझ्याकडे 'ज्ञानेश्वर' पाच तऱ्हेनं आहे. आता तो विदा कुणाशी जोडायचा?

मुक्तस्रोत
दादा, यासाठीच कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरा. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलं, 2000 सालापासून चालतंय, फुकट आहे, देवनागरी थेट चालते. दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद उचलून आपल्याकडे घेता येते. रोमनचा प्रश्नच मिटला.

गावचा ग्रंथपाल
सर्व्हर कुणाच्या घरी ठेवू? बिल कोण भरणार? सहायकाचा पगार अनुदानाच्या हप्त्यावर आहे. हप्ता कधी येतो ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

संदर्भशोधक
सरांच्या 'आडनाव आधी, ते तरी नीट करा' याकडे परत येते, कारण माझी खरी अडचण तिथेच आहे. बाईचं आडनाव कोणतं, सर?

पंडिता रमाबाई. माहेरच्या डोंगरे, लग्नानंतर मेधावी, 'सरस्वती' ही लोकांनी दिलेली पदवी, 'पंडिता' हीसुद्धा. अमेरिकन फाइलमध्ये त्या 'रमाबाई सरस्वती, पंडिता, 1858–1922' अशा आहेत. आपल्याकडे एका ग्रंथालयात 'पंडिता, रमाबाई' असं कार्ड मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे पदवीचं आडनाव झालं. दुसरीकडे त्या 'सरस्वती'खाली होत्या, आणि तिथे काउंटरवरचे गृहस्थ मला अर्धा तास सांगत होते की रमाबाईंचं काही नाही.

बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, लेखनात विभावरी शिरूरकर. 1933 ला त्या टोपणनावानं कथा आल्या तेव्हा महाराष्ट्र 'ही कोण' म्हणून हादरला होता. एका बाईची तीन नावं तीन कपाटांत पडली तर तिचं लेखन एकत्र कुणाला दिसणार? पुरुष लेखकाचं टोपणनाव लोकांना तोंडपाठ असतं. गडकरी म्हणजे गोविंदाग्रज, हे शाळेतलं पोर सांगतं. बायकांच्या बाबतीत तालिका हाच एक दुवा असतो, आणि तोच तुटलेला.

ओहायोकर
पण ताई, तुम्ही आता माझीच बाजू मांडताय! हेच तर नावांच्या फाइलचं काम. नियमाप्रमाणे बेडेकर ही एक ओळख, 'खरे' हा तिथे नेणारा संदर्भ. विभावरी शिरूरकर ही लेखनातली वेगळी ओळख, तिची वेगळी नोंद, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. एकदा केलं की जगभर तेच. वार्षिक आकड्यात ज्या नोंदी मोजतात त्या याच.

संदर्भशोधक
हो, हे काम मोलाचं आहे. नावांची फाइल नसती तर मी अजून कपाटं उघडत बसले असते. हे मी आधीही नाकारलं नव्हतं. पण त्या नोंदीत देवनागरी 'विभावरी शिरूरकर' टाइप करून पोचता येत नसेल, तर तो दुवा कॅटलॉगर लोकांनी कॅटलॉगर लोकांसाठी बांधलाय.

आणखी एक. त्याच फाइलमध्ये व्यक्तीचं लिंग नोंदवण्याची जागा होती. 1930 च्या दशकातल्या मराठी लेखिका एकत्र काढायला मला तिचा उपयोग होत होता. 2022 ला तुमच्याच कार्यक्रमाच्या कृती गटानं शिफारस केली की लिंग नोंदवू नका, असलेलंही काढा. आम्हाला विचारलं का कुणी?

ओहायोकर
त्या शिफारशीच्या मी पूर्ण बाजूनं आहे. जिवंत माणसाची इतकी खासगी गोष्ट परक्या कॅटलॉगरनं नाव बघून ठरवायची, आणि ती जगभर कायमची पसरायची? काही लोकांना त्यातून खराखुरा धोका असतो. ट्रान्स लेखकाचं जुनं नाव, जुनं लिंग एका क्लिकवर. तुमच्या सोयीपेक्षा त्यांची सुरक्षितता मोठी आहे.

निवृत्त ग्रंथपाल, पुणे
लिंगाची नोंद हवी की नको, यावर अमेरिकेत समित्या बसतात. आमच्या काळी शीर्षकपृष्ठावरचे 'सौ.' आम्ही नोंदीत गाळत असू, आणि कुणाचे काही बिघडले नाही.

संदर्भशोधक
बिघडलं, सर! 'सौ.' गाळून नुसती आद्याक्षरं ठेवलीत की ती बाई आहे हे पुसलं जातं. मग शंभर वर्षांनी माझ्यासारखीनं प्रस्तावना, श्राद्धाच्या नोंदी आणि मासिकांतले पत्ते धुंडाळून ते पुन्हा सिद्ध करायचं. आणि 'कुणाचे काही बिघडले नाही' हे ज्यांचं बिघडलं नाही तेच म्हणतात.

निवृत्त ग्रंथपाल, पुणे
मी नियमाप्रमाणे काम केले. हेत्वारोप करू नका.

संदर्भशोधक
हेतू नाही म्हणत. परिणाम सांगते. ओहायोकर, तुमचा जिवंत माणसांबद्दलचा मुद्दा मला पटतो. पण 1905 ला जन्मलेल्या, 2001 ला गेलेल्या मालतीबाईंना कसला धोका? जिवंत आणि गेलेले असा फरक करता आला असता. सरसकट निर्णय घेतला तो नोंदी करणाऱ्यांच्या सोयीसाठी.

ओहायोकर
फरक करता आला असता, हे मान्य. पण रोज शेकडो नोंदी हाताळणाऱ्याला प्रत्येक वेळी तो करायला सांगितलं की चुका होतातच, आणि चूक जिवंत माणसाच्या वाट्याला येते. शिवाय 'लेखिका' हा विषय म्हणून पुस्तकाच्या नोंदीत येऊ शकतो. ते दार बंद नाही.

मुक्तस्रोत
मूळ विषय राहिला बाजूला. ओहायोकर, एक सरळ विचारतो. तुमच्या या कार्यक्रमात महाराष्ट्रातलं ग्रंथालय येऊ शकतं का? की 'शिकावं' म्हणजे लांबून बघावं?

ओहायोकर
येऊ शकतं. एकट्या छोट्या ग्रंथालयाला जड जातं. प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग नोंदी तपासल्या जातात, आणि विश्वास बसला की स्वतंत्रपणे काम करता येतं. म्हणून लहान ग्रंथालयं एका समन्वयकाखाली गट करून येतात, त्याला फनेल म्हणतात. मराठी नावांसाठी असा गट इथूनच व्हायला हवा. रमाबाईंचं आडनाव ठरवायला मी ओहायोत बसून तुमच्याइतका योग्य नाही.

गावचा ग्रंथपाल
आमच्याकडून कुणी येणार असेल तर प्रशिक्षण मराठीत हवं. आणि त्या कामाचा तपासणीत एक तरी रकाना हवा. नाहीतर माझी समिती म्हणेल, या नोंदी करून वर्ग वाढतो का? नाही वाढत. मग मला गप्प बसवतील.

निवृत्त ग्रंथपाल, पुणे
प्रशिक्षण मी मराठीत देईन. विनामूल्य. नियम मात्र नियमासारखेच शिकवीन, आणि कुणाला शीर्षकपृष्ठावरची 'सौ.' ठेवायची असेल तर टिपेच्या जागी ठेवावी. नावात नाही.

संदर्भशोधक
टिपेत ठेवली तरी चालेल, सर. शोधता आली म्हणजे झालं.

ओहायोकर, तुमच्याकडून मला एकच हवं. पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या चर्चेत हा प्रश्न मांडा : या वर्षी नोंदवलेल्या मराठी लेखकांपैकी किती जणांपर्यंत देवनागरीतून पोचता येतं? तो आकडा दिलात तर 'शिकावं' हे वाक्य मी मुकाट्यानं ऐकून घेईन.

ओहायोकर
मांडतो. तोवर तुम्ही एक करा. तुमच्याकडे ज्या लेखिकांची माहेरची, सासरची आणि टोपणनावं पुराव्यासह आहेत, त्यांची यादी पाठवा, शीर्षकपृष्ठाच्या फोटोसकट. मला लागतं ते छापील पान. 'असं ऐकलंय' चालत नाही.

संदर्भशोधक
पाठवते. मालतीबाईंपासून सुरुवात.

गावचा ग्रंथपाल
1940 च्या आधीच्या काही बायकांची पुस्तकं आमच्या मागच्या खोलीत आहेत. निर्लेखनाच्या यादीत टाकली होती, अजून गेली नाहीत. रविवारी शीर्षकपृष्ठांचे फोटो काढतो. ताई, मागचं पानही लागेल का?