शुश्रूषागृहातल्या ज्येष्ठांना नव्या इमारतीत हलवताना काय सांभाळावं?

प्रश्न: ३२ ज्येष्ठांना नव्या इमारतीत न्यायचं आहे. नऊ जण अंथरुणाला खिळलेले, बऱ्याच जणांना स्मृतिभ्रंश. सगळ्यांना एकाच दिवशी न्यावं का? औषधांची गडबड कशी टाळायची?

प्रतिसाद १: एकाच दिवशी नकोच. रोज चार-पाच जण, बस्स. नाश्ता, औषधं, संडास-लघवी उरकून सकाळीच निघा. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी घालमेल वाढते, त्याआधी माणूस खोलीत स्थिरावलेला हवा. एकमेकांचा लळा असलेल्यांना सोबत न्या आणि शेजारच्या खोल्या द्या.

प्रतिसाद २: औषधांची नुसती यादी पुरत नाही. प्रत्येक औषधापुढे शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहा, नाहीतर डोस चुकतो किंवा दुबार जातो. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या (कंपवातावरच्या) औषधाला उशीर झाला की रुग्ण आखडतो, गिळणंही अवघड होतं. फेंटॅनिलचा (तीव्र वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा) पॅच कधी आणि अंगावर कुठे लावलाय हे नोंदवा. तो साधारण ७२ तासांनी बदलतात. जुना तसाच ठेवून नवा लावला तर श्वास मंदावू शकतो, जिवावर बेततं. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) असेल तर शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये न्या, पण बर्फाला टेकवू नका. गोठलेलं वापरता येत नाही.

प्रतिसाद ३: निघताना आणि पोचल्यावर माकडहाड, खुबे, टाचा इथे दाबाने जखमा (बेडसोर) झाल्यात का ते तपासून नोंद करा. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र नाव लावून त्या माणसाजवळच ठेवा, खोक्यात नको. ऐकू येत नसलेल्या माणसाला सगळे गोंधळलेला समजतात. पलंगावरून जुन्या खोलीत ज्या बाजूने उतरायचे तीच बाजू मोकळी ठेवा. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा.

प्रश्नकर्ता: पोचल्यावर गोंधळ वाढला तर किती दिवस वाट पाहायची?

प्रतिसाद २: अजिबात नाही. ‘जागा बदलली, होणारच’ म्हणून सोडून देणं फार धोक्याचं. अचानक सुरू झालेला गोंधळ डिलिरियम (शारीरिक त्रासामुळे किंवा औषधांमुळे एकाएकी येणारी भ्रमावस्था) समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवी तुंबलीय का, पोट साफ होतंय का, ताप, दुखणं, पाणी कमी पडणं, राहून गेलेला डोस, सगळं पाहा. झोपेची गोळी देऊन गप्प करू नका. त्याने गोंधळ वाढतो आणि पडण्याचा धोकाही. आरडाओरडा करणारा लगेच लक्षात येतो. एरवी बोलणारा माणूस गुमसुम पडून राहिला, जेवेनासा झाला, तर तोही डिलिरियम असू शकतो, आणि नेमका तोच नजरेतून सुटतो.