स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर) प्लेटलेटचा अंदाज: १५,००० ने गुणायचं की २०,००० ने?

प्रश्न
डेंग्यूचा संशयित पेशंट, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब. काउंटरवर (पेशी मोजणाऱ्या मशीनवर) प्लेटलेट ३८,०००, आरबीसी (लाल पेशी) ३१ लाख, हिमोग्लोबिन ७.२. लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवायचा रंग), ऑइल इमर्शनखाली (तेल लावून वापरायच्या सर्वांत मोठ्या लेन्सखाली) १० फील्डमध्ये (मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणाऱ्या गोलांमध्ये) ६४ प्लेटलेट दिसल्या, म्हणजे फील्डला सरासरी ६.४. १५,००० ने गुणलं तर ९६,००० येतात, २०,००० ने १,२८,०००. रिपोर्टला कोणता आकडा लावू?

प्रतिसाद १
अजून कोणताच नको. आधी १०एक्सच्या लेन्सवर स्मिअरची टेल (शेवटचं पातळ टोक) आणि दोन्ही कडा बघा. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या तर काउंटर त्या नीट मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. या गुठळ्या तिथेच ओढल्या जातात, मधल्या भागात दिसतही नाहीत. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींभोवती प्लेटलेटचं कडं झालंय का तेही पाहा. ट्यूबमध्ये काडी फिरवून बारीक क्लॉट (गोठलेलं रक्त) तपासा. क्लॉट असेल तर तो नमुना बाद. टेलला गुठळ्या सापडल्या तर ३.२% सोडियम सिट्रेटमध्ये नवीन रक्त घ्या, लगेच चालवा आणि येणारा आकडा १.१ ने गुणा, कारण ९ भाग रक्तात १ भाग सिट्रेट मिसळलेलं असतं.

प्रतिसाद २
गुणक मायक्रोस्कोपवर ठरतो. आयपीसचा (डोळ्याकडच्या लेन्सचा) फील्ड नंबर, म्हणजे दिसणाऱ्या गोलाच्या व्यासाचा आकडा, १८ ऐवजी २२ असेल तर फील्डचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं, मग एकच गुणक दोन्हीला कसा चालेल? काउंटरचा आकडा खात्रीचा आहे असे तीसेक नमुने घेऊन आपल्या मायक्रोस्कोपचा गुणक काढून ठेवा.

शिवाय इथे हिमोग्लोबिन ७.२ आहे. ॲनिमियात आरबीसी विरळ, त्या एकमेकींना टेकतात तो भाग स्मिअरच्या जाड बाजूला सरकतो, आणि प्रत्येक फील्डमध्ये प्लेटलेट जास्त भरतात. अशा वेळी आरबीसीशी प्रमाण काढा. त्याच १० फील्डमध्ये आरबीसी २,२०० भरल्या, तर ६४ ÷ २,२०० × ३१ लाख, म्हणजे सुमारे ९०,०००.

स्टेनचा गाळही मोजला जातो, सांभाळा. फाइन फोकस हलवला की गाळ पेशींच्या वरच्या पातळीवर चमकतो. प्लेटलेट फिकट निळसर, आत जांभळे कण.

प्रश्नकर्ता
टेलला गुठळ्या आहेत, १५-२० च्या. सिट्रेटवर १,१२,००० आले, १.१ ने गुणून १,२३,०००.

प्रतिसाद १
सिट्रेटचाही स्मिअर काढा, क्वचित त्यातही गुठळ्या होतात. टेल स्वच्छ असेल तर १,२३,००० द्या आणि शेरा लिहा: ‘ईडीटीए नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या, त्यावरील आकडा ग्राह्य धरू नये.’ डॉक्टरांना फोन आत्ताच करा. ३८,००० चा रिपोर्ट वॉर्डात पोचला असेल तर प्लेटलेट चढवायची तयारी सुरू झालेली असू शकते.