विद्यापीठाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ: निवड, खर्च आणि अभ्यास

प्रश्न (चामोर्शी तालुका): बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या बहिणीची गोंडवाना विद्यापीठ संघाच्या सराव शिबिरासाठी निवड झाली आहे. आमचे घर धानाच्या शेतीवर चालते. संघातील जागा कितपत निश्चित समजावी, खर्च कोण करते आणि बुडालेल्या प्रात्यक्षिकांचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त क्रीडा शिक्षक, ब्रह्मपुरी): शिबिरातील निवड अंतिम नसते. मैदानावर सहाच जणी उतरतात. तरीही उंची कमी असून बचाव उत्तम असलेल्या मुलीसाठी लिबेरोचे, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणाऱ्या खेळाडूचे, स्थान आहे, जे आंतरराष्ट्रीय नियमांत १९९८ मध्ये आले. केवळ उंच मुली शोधण्याच्या नादात आपण खेड्यांतील चपळ मुली गमावतो, असे माझे ठाम मत आहे. प्रवास व भोजनाचा भत्ता सहसा विद्यापीठाच्या क्रीडा निधीतून मिळतो, परंतु तो हाती पडण्यास विलंब होऊ शकतो, म्हणून बूट, गुडघ्याचे पॅड आणि वाटखर्चापुरती रक्कम आधीच बाजूला ठेवावी.

उत्तर (माजी खेळाडू, आरमोरी): ताई, स्पर्धेला निघण्यापूर्वीच विद्यापीठाचे निवडपत्र विभागप्रमुखांना देऊन प्रात्यक्षिकांची पर्यायी तारीख आणि उपस्थितीची सवलत लेखी मागावी, कारण तोंडी आश्वासन परीक्षेच्या वेळी उपयोगी पडत नाही. सहभागाची प्रमाणपत्रेही जपावीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी कोणती स्पर्धा व कोणते स्थान ग्राह्य धरतात, हे चालू शासन निर्णयात तपासूनच पुढचे ठरवावे.