मदत हवी आहे: विंडोज आणि उबंटू, दोन्हींकडून लिहिता येईल असं पार्टिशन

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबंटू (लिनक्स) दोन्ही आहेत. कागदपत्रं आणि फोटो वेगळ्या एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल साठवायची पद्धत) पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर ठेवलेत, कुठूनही उघडता यावेत म्हणून. उबंटूत फाइल उघडते, पण सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा मेसेज येतो. विंडोज शट डाउन न करता रीस्टार्ट करून आलं, तर मात्र सगळं सुरळीत!

त्यावरून फास्ट स्टार्टअपचाच (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय) संशय आहे. त्यात शट डाउन करताना विंडोज कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवतं, पार्टिशन पूर्ण मोकळं होत नाही, मग लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर डेटा खराब व्हायचा.

फास्ट स्टार्टअप बंद करतेच आहे. खरा प्रश्न पुढचा: एनटीएफएसच ठेवू की एक्सफॅट (दोन्हीकडे चालणारी दुसरी फाइल सिस्टिम) करू? एक्सफॅटला जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) नाही, लिहिता लिहिता मशीन बंद पडलं तर काय, ही धास्ती वाटते. आणि एनटीएफएसच ठेवलं, तर लिनक्स कर्नल ५.१५ मध्ये आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर (लिनक्सला एनटीएफएस वाचता-लिहिता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) बरा की जुना एनटीएफएस-३जी? रोज दोन्हीकडून लिहिणाऱ्यांचा अनुभव हवाय. बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे, त्यामुळे फॉरमॅट करावं लागलं तरी चालेल.