एमबीएच्या पोरांना जर्मन कशाला?

रंकाळाकाठ: आमच्या कॉलेजात एमबीएला मी जर्मन शिकवतो. आता तो विषय काढून दोन दिवसांची ‘परदेशी ग्राहकांशी कसं वागावं’ कार्यशाळा घ्यायचं घाटतंय. माझा विरोध आहे. ‘जर्मन माणूस औपचारिक असतो’ हे वहीत लिहिलं की वहीतच राहतं. वाक्य बोलायचं तर ‘झी’ म्हणू की ‘डू’, हे तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं. आपल्या अहो-जाहो, अरे-तुरेसारखंच. पण तिथं ‘डू’वर यायचं का, हे सहसा वयानं किंवा हुद्द्यानं मोठा असलेला सुचवतो. इथं आपण पाच मिनिटांत ‘भावा’ करून मोकळे.

शिरोली एमआयडीसी: सर, राग मानू नका. वीस वर्षं कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, परदेशी पाठवतोय. ड्रॉइंग इंग्रजीत, मेल इंग्रजीत. गिऱ्हाईक विचारतं ते रिजेक्शन किती आणि माल कधी निघणार. तुमच्या जर्मनवर पोरगं नाव-गाव सांगतं, पुढं गाडी बंद. त्यापेक्षा कॉस्टिंग शिकवा की. नवीन पोरांना तेच येत नाही.

उजळाईवाडीकर: ड्रॉइंग इंग्रजीत असलं तरी ‘१,२५०’ मधला स्वल्पविराम जर्मन असू शकतो. त्यांच्याकडं ते दशांशचिन्ह. म्हणजे सव्वा, साडेबाराशे नव्हे! आणि वेळ सांगताना ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धा तीन’, म्हणजे अडीच. माझ्या भाच्यानं साडेतीन धरले, गिऱ्हाईक तासभर व्हिडिओ कॉलवर ताटकळलं.

शिरोली एमआयडीसी: भाच्याला म्हणावं, कॅलेंडरचं निमंत्रण पाठवत जा. त्याला जर्मन लागत नाही.

गुजरीतली: मी जपानी शिकले. ‘केन्तो शिमासु’ म्हणजे ‘विचार करू’, पण बऱ्याचदा तो नकारच असतो, असं मॅडमनी सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला. आपलं ‘बघूया की’ दुसरं काय असतं? कार्यशाळेत हेच ‘जपान्यांचा स्वभाव’ म्हणून पाठ केलं असतं. पण सर, खरं सांगू? मॅडम तिकडं राहून आलेल्या, म्हणून हे कळलं. पुस्तकात नुसती स्टेशनं, हॉटेलं आणि हवापाणी. निम्मं वर्ष अक्षरं गिरवण्यात गेलं ते वेगळंच.

रंकाळाकाठ: पुस्तकाचं मान्य. धंद्याचं एक वाक्य नाही त्यात. शिरोलीकर, रिजेक्शनच्या तक्रारीचा एखादा मेल नावं खोडून द्याल का? वर्गात पोरांकडून उत्तर लिहून घेतो, जर्मनमध्ये.

शिरोली एमआयडीसी: बघूया की.